पगारस्लिपवरचे ७६,६०० आणि कोर्टाने धरलेले सुमारे १,१२,०००: एका पोटगी प्रकरणाचा अभ्यास

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. कौटुंबिक न्यायालयात पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचलं आहे. माणसं आणि रकमा काल्पनिक आहेत. कलमं, मुदती आणि निकाल खरे. दोघंही हिंदू विवाह कायद्याखाली येणारे, महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी राहणारे.

पती वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मेंटेनन्स इंजिनीअर, वय ४२. पत्नी बी.कॉम., वय ३८. लग्नानंतर तिने तीन वर्षं एका खासगी फर्ममध्ये हिशेबाचं काम केलं आणि २०१६ मध्ये मुलगा झाल्यावर नोकरी सोडली. जून २०२३ पासून ती मुलासह माहेरी आहे आणि घरी शिकवण्या घेते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगीचा अर्ज केला. (१ जुलै २०२४ नंतरचे अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतात, गाभा तोच आहे.) फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला ८,००० आणि मुलाला ४,००० अशी १२,००० रुपयांची अंतरिम पोटगी मिळाली. एप्रिल २०२४ मध्ये पतीने क्रूरतेच्या कारणावर घटस्फोटाची याचिका दाखल केली. त्या याचिकेत पत्नीने जून २०२४ मध्ये हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली स्वतःसाठी अंतरिम पोटगी व दाव्याचा खर्च आणि कलम २६ खाली मुलाचा खर्च मागितला.

पहिला प्रश्न इथेच येतो: एक पोटगी चालू असताना दुसरा अर्ज कशाला? पतीच्या वकिलांनीही म्हणण्यात पहिला मुद्दा हाच घेतला. कायद्यात याला अडकाठी नाही. दोन्ही मार्ग स्वतंत्र आहेत, फक्त रक्कम दोनदा मिळत नाही. रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी हे स्पष्ट केलं. तो वाद नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेला होता. दुसरा अर्ज करताना आधीच्या आदेशाची माहिती देणं अर्जदारावर बंधनकारक आहे आणि आधीची रक्कम नंतरच्या रकमेतून वळती होते. ही माहिती लपवली तर पुढच्या प्रत्येक तारखेला तोच विषय निघतो. इथे पत्नीने आधीच्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल अर्जासोबतच जोडली, त्यामुळे त्या मुद्द्यात जीव उरला नाही.

दोन मार्गांत आणखी एक फरक आहे. कलम १२५ मध्ये पत्नी पुरेशा कारणाशिवाय पतीसोबत राहायला नकार देत असेल तर पोटगी नाकारता येते. कलम २४ मध्ये अशी अट नाही. तिथे पाहिलं जातं ते अर्जदाराकडे स्वतःच्या निर्वाहापुरतं आणि खटल्यापुरतं उत्पन्न आहे का. ‘ती स्वतःहून निघून गेली’ यावर पतीच्या बाजूने बारा पानं खर्ची पडली होती. कलम २४ च्या अर्जावर ती वाया गेली. शिवाय कलम २४ पतीलाही खुलं आहे. कमावत्या पत्नीकडून पोटगी मागणारे पती कमी असतात, पण असतात. कलम १२५ मध्ये पतीला ती सोय नाही.

शपथपत्र

रजनेश निकालानंतर दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देणी जाहीर करणारं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. अर्जासोबत अर्जदाराचं शपथपत्र जातं आणि समोरच्याने चार आठवड्यांत उत्तर व आपलं शपथपत्र द्यायचं असतं. त्यासाठी दोनपेक्षा जास्त संधी मिळू नयेत, असं निकाल सांगतो. तरीही टाळाटाळ झाली आणि ती मुद्दाम आहे असं दिसलं, तर कोर्ट बचाव खोडू शकतं, म्हणजे त्याचं म्हणणं विचारातच घेत नाही. या प्रकरणात पतीने जुलैची आणि ऑगस्टची तारीख घेतली आणि सप्टेंबरमध्ये शपथपत्र दिलं. सोबत ऑगस्ट २०२४ ची एकच पगारस्लिप होती.

ती स्लिप ओळीओळीने पाहण्यासारखी आहे. एकूण पगार १,१८,०००. कपाती अशा: आयकर ९,४००, भविष्य निर्वाह निधी ५,६४० (४७,००० मूळ पगाराच्या १२ टक्के), व्यवसाय कर २००, ऐच्छिक भविष्य निर्वाह निधी १०,०००, कर्मचारी पतसंस्थेचा हप्ता १४,५०० आणि आईवडिलांच्या आरोग्य विम्याचा हप्ता १,६६०. कपातीची बेरीज ४१,४००, हातात ७६,६००. त्यातून गाडीचा हप्ता १२,०००, म्युच्युअल फंडाची एसआयपी ५,००० आणि आईवडिलांना २०,००० असे वजा करून पतीने ‘माझ्याकडे दरमहा ३९,६०० उरतात’ असं लिहिलं आणि तेवढ्यातून १२,००० देतोच आहे, असं म्हटलं.

हा हिशेब इतक्या प्रकरणांत सापडतो की तो ठरलेला मसुदाच वाटावा. चूक दोन ठिकाणी आहे. एक, कोर्ट साधारणपणे फक्त सक्तीच्या कपाती वजा करतं: आयकर, नोकरीच्या अटींमुळे भरावाच लागणारा भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर. ऐच्छिक निधी आणि एसआयपी ही बचत आहे. ती पैसे देणाऱ्याच्याच खात्यात जाऊन वाढते. गाडीच्या हप्त्यातून त्याच्याच नावावर वस्तू उभी राहते. दोन, कर्ज कधी घेतलं आणि ते पैसे कुठे गेले, हे पाहिलं जातं.

सक्तीच्या तीन कपातींची बेरीज १५,२४०. म्हणजे कोर्टाच्या दृष्टीने निव्वळ पगार १,०२,७६०. त्यावर भर पडली ती फॉर्म १६ ची, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणाऱ्या कंपनीच्या दाखल्याची. पत्नीच्या वकिलांनी अर्ज देऊन फॉर्म १६ आणि बँक खात्याचे उतारे हजर करण्याचा आदेश मागितला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ मध्ये याची तरतूद आहे, पण अर्ज नेमका हवा. ‘सर्व कागदपत्रे’ असा मोघम अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता जास्त. खातं क्रमांकाचे शेवटचे आकडे, बँकेची शाखा आणि कालावधी लिहिला तर तो मंजूर होतो. फॉर्म १६ मध्ये वर्षाचा पगार १५,६०,००० होता. बारा स्लिपांची बेरीज १४,१६,००० येते. मधले १,४४,००० म्हणजे मार्चच्या पगारासोबत येणारा वार्षिक बोनस. तो ऑगस्टच्या स्लिपवर दिसणार कसा? कर जाऊन त्याचे महिन्याला नऊ-साडेनऊ हजार धरले की आकडा १,१२,००० च्या आसपास पोचतो. म्हणूनच एका महिन्याच्या स्लिपवर कधी समाधान मानू नये. एप्रिल ते मार्च असं पूर्ण वर्ष मागावं.

पतसंस्थेचं कर्ज सहा लाखांचं होतं आणि ते सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे पत्नी माहेरी गेल्यावर तीन महिन्यांनी घेतलेलं होतं. बँक उताऱ्यात ६,००,००० जमा झाल्याच्या चौथ्या दिवशी ५,५०,००० भावाच्या खात्यात गेल्याची नोंद होती. भावाने ते कशासाठी वापरले याचा खुलासा आला नाही. न्यायालयाने हप्ता विचारात घेतला नाही.

आईवडिलांच्या बाबतीत मात्र पतीचं म्हणणं पूर्ण पोकळ नव्हतं. आईचा औषधोपचार चालू होता आणि त्याची बिलं खरी होती. पण शपथपत्रात अवलंबित व्यक्तींच्या उत्पन्नाचा रकाना आहे. तो त्याने कोरा सोडला. वडिलांना ३१,००० पेन्शन मिळते हे उलट बाजूने समोर आणल्यावर २०,००० चा आकडा टिकला नाही. औषधांपुरती रक्कम धरली गेली. रकाना स्वतःच भरून बिलं जोडली असती तर कदाचित जास्त धरली गेली असती. अर्धसत्य सापडलं की खऱ्या खर्चावरचाही विश्वास उडतो, आणि त्याचं नुकसान पतीलाच झालं.

पत्नीची बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. तिने शपथपत्रात उत्पन्न ‘निरंक’ लिहिलं होतं. तिच्या खात्यात मात्र दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वेगवेगळ्या पालकांकडून यूपीआयने हजार-हजार रुपये येत होते. सरासरी महिना ७,०००. तिने दुरुस्त शपथपत्र देऊन ते मान्य केलं. खरं तर ७,००० कमावल्याने पोटगी जात नाही. ‘स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ’ म्हणजे पूर्ण निराधार असणं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने चतुर्भुज विरुद्ध सीताबाई (२००८) मध्ये सांगितलं आहे, आणि कमावण्याची क्षमता असणं व प्रत्यक्ष कमावणं या वेगळ्या गोष्टी आहेत हे शैलजा विरुद्ध खोब्बन्ना (२०१७) मध्ये. लपवण्यासारखं काही नव्हतंच. लपवल्यामुळे खोट्या शपथपत्राबद्दल कारवाई करा असा पतीचा अर्ज आला आणि त्याच्या निकालापर्यंत दोन तारखा गेल्या.

आदेश

डिसेंबर २०२४ मध्ये आदेश झाला: पत्नीला २२,०००, मुलाला १२,०००, म्हणजे महिना ३४,०००, अर्जाच्या तारखेपासून. कलम १२५ खालचे १२,००० वळते करून जास्तीचे २२,०००. दाव्याचा खर्च ३०,०००. शाळेची फी पतीने थेट शाळेत भरायची.

कायदा म्हणतो की कलम २४ चा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा. प्रत्यक्षात सहा महिने लागले. म्हणून ‘अर्जाच्या तारखेपासून’ हे शब्द मोलाचे आहेत. रजनेश निकालाने तोच नियम घालून दिला आहे, तरी अर्जाच्या शेवटच्या विनंतीत ते स्पष्ट मागावं.

हा आकडा आला कुठून? लोक २५ टक्क्यांचा नियम सांगतात. कायद्यात असा नियम नाही. कल्याण डे चौधरी विरुद्ध रिटा डे चौधरी (२०१७) या निकालात निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य ठरेल असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, आणि त्याच निकालात पतीवर दुसऱ्या कुटुंबाची जबाबदारी आली म्हणून २३,००० चे २०,००० केले. म्हणजे तो अंदाजाचा आधार आहे, सूत्र नाही. इथे १,१२,००० चे २५ टक्के २८,००० होतात. शिकवण्यांचे ७,००० बाजूला केले की आकडा २१,००० च्या घरात येतो. पण न्यायालयाने असा हिशेब आदेशात मांडलेला नाही. दोघांचं पूर्वीचं राहणीमान, मुलाचा खर्च, पत्नीने नोकरी सोडण्याचं कारण आणि आठ वर्षांचा खंड यांवर परिच्छेद आहेत.

आदेशानंतर पैसे येत नाहीत तेव्हा

पती १२,००० भरत राहिला, वरचे २२,००० त्याने भरलेच नाहीत. कलम २४ च्या आदेशावर अपील नसतं. त्यामुळे तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयात गेला. नुसती याचिका दाखल केल्याने आदेश थांबत नाही, स्थगिती मिळावी लागते, आणि थकबाकीचा मोठा भाग भरल्याशिवाय ती सहसा मिळत नाही. इथे मिळाली नाही. मे २०२५ पर्यंत बारा महिन्यांचे २,६४,००० आणि खर्चाचे ३०,००० मिळून २,९४,००० थकले.

आता एक चूक, जी फार महाग पडते. पत्नीने आधी या रकमेसाठी वॉरंट मागणारा अर्ज केला. वॉरंट आणि न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद, ही वसुली कलम १२५ च्या आदेशाची आहे. ती १२,००० ला लागू होती, आणि ते तर येतच होते. कलम २४ चा आदेश दिवाणी मार्गाने, दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करून वसूल करावा लागतो. अर्ज परत घेऊन दरखास्त करण्यात सात आठवडे गेले. (कलम १२५ ची थकबाकी असती तर आणखी एक पथ्य होतं: रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज. आणि कैद भोगल्याने देणं फिटत नाही. कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग, १९८९.)

दरखास्तीत पगार जप्ती मागितली. खासगी नोकरदारासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम ४८-अ खाली न्यायालय थेट मालकाला कपातीचा आदेश पाठवतं. पोटगीच्या वसुलीत पगाराचा एक तृतीयांश भाग सुरक्षित राहतो; बाकीच्यातून कपात होऊ शकते. इतर कर्जांच्या वसुलीपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त आहे. पहिला आदेश परत आला, कारण त्यावर कारखान्याच्या गेटवरच्या पाटीवरचं नाव होतं आणि पगार देणारी कंपनी कागदोपत्री दुसरी होती. पगारस्लिपवरचं पूर्ण नाव, नोंदणीकृत पत्ता आणि कर्मचारी क्रमांक घातल्यावर जून २०२५ पासून कपात सुरू झाली: चालू महिन्याचे २२,००० आणि थकबाकीपोटी ३०,०००. विनंतीत हे दोन्ही स्वतंत्र लिहावे लागतात. फक्त थकबाकी लिहिली तर ती फिटताच कपात थांबते आणि चालू पोटगीसाठी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

पैसे देणाऱ्यासाठीही एक गोष्ट. पतीने मधल्या काळात मुलाला सायकल आणि टॅबलेट घेऊन दिला, सासऱ्यांकडे दोनदा रोख दिल्याचंही सांगितलं. यातलं काहीही वजा झालं नाही. पोटगी बँकेतून, ठरलेल्या खात्यात, नोंदीत महिना लिहूनच भरावी.

घटस्फोटाकडे जाताना

कलम २४ ची पोटगी याचिका चालू असेपर्यंतच. पतीने याचिका काढून घेतली किंवा तिचा निकाल लागला की पुढची रक्कम बंद होते, थकबाकी तेवढी राहते. कायमस्वरूपी पोटगी कलम २५ खाली मिळते, पण त्यासाठी हुकूमनामा (याचिका मंजूर करणारा अंतिम निकाल) व्हावा लागतो. याचिका फेटाळली गेली तर कलम २५ चा दरवाजा बंद (चांद धवन विरुद्ध जवाहरलाल धवन, १९९३) आणि पत्नीला हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम १८ कडे जावं लागतं. अशा वेळी पायाखाली उरतो तो कलम १२५ चा छोटा आदेश. रक्कम लहान आहे म्हणून तो सोडून देण्याचा सल्ला मिळतो. तो ऐकू नये.

सप्टेंबर २०२५ मध्ये मध्यस्थीत दोघं परस्पर संमतीने वेगळं व्हायला तयार झाले. पतीचा प्रस्ताव होता ३० लाख एकरकमी. आकडा मोठा वाटतो. ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला २,१०,०००, महिना १७,५००, म्हणजे चालू २२,००० पेक्षा कमी, आणि व्याजावर करही. मुद्दलाला हात न लावता २२,००० मिळवायला सुमारे ३७,७०,००० लागतात, तेही महागाई धरली नाही तर. उलट बाजूही आहे. मासिक पोटगी परिस्थिती बदलली की कलम २५(२) खाली कमी-जास्त होऊ शकते, पुनर्विवाह झाला तर बंद होऊ शकते, पती नोकरी बदलेल तेव्हा जप्तीचा आदेश नव्याने काढावा लागतो. कराचाही फरक आहे: एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची म्हणून करपात्र उत्पन्न नाही आणि मासिक पोटगी करपात्र, असा मुंबई उच्च न्यायालयाचा १९८३ चा निकाल आहे. देणाऱ्याला कोणत्याही प्रकारात वजावट नाही. पगार जप्तीत चार महिने काढलेल्या व्यक्तीला थोडं कमी पण एकदाचं हातात आलेलं परवडतं, असं आमचं मत. नियमित सरकारी पगार असता तर उलट सांगितलं असतं.

३६ लाखांवर जमलं. खरी झटापट अटींच्या मसुद्यावर झाली. पहिल्या मसुद्यात ‘मागील, चालू व भविष्यातील सर्व पोटगी मिळून’ असे शब्द होते. त्यात थकबाकीचे उरलेले १,७४,००० (२,९४,००० पैकी १,२०,००० कपातीतून आले होते) गुपचूप विरघळून जात होते. ते वेगळ्या अटीत घेतले. मुलाचा खर्च पत्नी सोडून देऊ शकत नाही, तो मुलाचा हक्क आहे. म्हणून महिना १४,०००, दर एप्रिलमध्ये ८ टक्के वाढ आणि शाळेची फी वेगळी, असं लिहिलं. वाढीचं कलम नसेल तर दर दोन-तीन वर्षांनी नवा अर्ज करावा लागतो.

३६ लाख तीन भागांत: १२ लाख संयुक्त याचिका दाखल करताना पत्नीला, १२ लाख तीन महिन्यांनी, शेवटचे १२ लाख डिमांड ड्राफ्टने न्यायालयात जमा आणि हुकूमनाम्यानंतर पत्नीने उचलायचे. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, त्यामुळे सगळी रक्कम आधी देणं पतीला धोक्याचं आणि सगळी नंतर घेणं पत्नीला. संयुक्त याचिकेनंतर सहा महिने वाट पाहण्याची अट अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर (२०१७) नुसार माफ होऊ शकते, पण सगळे हप्ते आलेले नसताना तो अर्ज करण्यात पत्नीचा काही फायदा नव्हता आणि तिने केला नाही.

कलम १२५ चा अर्ज आणि दरखास्त काढून घेण्याची पुरसिस (न्यायालयाला द्यायचं लेखी निवेदन) पतीला संयुक्त याचिकेच्या दिवशीच हवी होती. ती शेवटचा ड्राफ्ट जमा होऊन पैसे खात्यात वटल्यावर, सात दिवसांत द्यायची असं ठरलं. तोपर्यंत दोन्ही प्रकरणं तारखेवर राहिली आणि पगारातली कपातही.